तीन घरं, चार शिक्के

टीव्हीवाले आमच्या बेटावर उतरले की आधी मांजरांचं चित्रण करतात, मग समुद्राचं आणि मग माझं. गेल्या त्रेचाळीस वर्षांत अशा सात टोळ्या येऊन गेल्या. पहिल्या दोन टोळ्यांनी मला ‘लढाऊ सून’ म्हटलं, मधल्या तीन टोळ्यांनी ‘लढाऊ आई’, आणि शेवटच्या दोन टोळ्यांनी, काही विचारायच्या आतच, ‘लढाऊ आजी’. मी तीच होते. वीज कंपनीला समोरच्या खाडीत अणुवीज प्रकल्प बांधायचा होता, तो आम्ही बांधू दिला नाही, एवढंच काय ते. टोळ्यांना मात्र दरवेळी काहीतरी नवं सापडल्यासारखं वाटायचं.

आठवी टोळी गेल्या एप्रिलमध्ये सकाळच्या बोटीने आली. एक बाई आणि एक कॅमेरावाला. बाईचं नाव कुराहाशी, वय पस्तिशीचं, बोलणं असं मधाळ की पहिल्याच वाक्याला माझे कान टवकारले. तिने आमच्या समितीच्या अध्यक्षाला, दाइगोला, सांगितलं की तिला ‘लोकांचं आंदोलन आतून’ दाखवायचंय. दाइगो बोटीच्या तिकीट खिडकीवर बसतो, त्याला कोणीही काहीही सांगावं. मी विचारलं, आतून म्हणजे कुठून? ती हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. हसून लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

खरं सांगायचं तर मला भ्यायला कारण होतं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्या पोरीशी असं का वागले ते कळेल.

आमच्याकडे वाडीची फिरती फळी असते. निळी पुठ्ठ्याची फळी, वर चिमटा, चिमट्यात गावाच्या सूचना: देवळाची साफसफाई अमक्या दिवशी, उंदरांचं औषध तमक्याकडे. घरातल्या बाईने ती घ्यायची, खालच्या चौकटीत घराच्या आडनावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची. शिक्का म्हणजे ‘बघितलं’. वाचतं कोण? चुलीवर भात असतो, पाठीवर पोर असतं. १९८२ साली मे महिन्यात ती फळी आमच्या घरी आली तेव्हा मी लग्न होऊन आलेली सत्तावीस वर्षांची सून होते. उंदरांचं औषध आणि देवळाची साफसफाई यांच्या मधल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की खाडीच्या सर्वेक्षणाला आमची हरकत नाही. त्या महिन्यात फळी सोडायची पाळी ज्याच्याकडे होती त्याला कंपनीने आधीच गाठलं होतं. वर्षभरात त्याने शहरात घर घेतलं. मी तिन्ही कागदांवर शिक्के मारले आणि फळी शेजारच्या शिगेनोच्या दारात ठेवली. शिगेनोने माझा शिक्का बघितला आणि तिचा मारला. मग आणखी दोन घरांनी मारला. पाचवं घर मास्तरांचं. मास्तरांनी कागद वाचला आणि बोंब ठोकली, पण फळी सोडणाऱ्याने तेवढ्यात तो कागद कंपनीत पोचवला.

माझे सासरे मच्छीमार संघाचे प्रमुख. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने ते कंपनीच्या कचेरीत गेले आणि आमच्या शिक्क्यावर दोन आडव्या रेघा मारून, वर दुरुस्तीचा शिक्का उठवून परत आले. कंपनीला पुढे त्यांच्याशीच बोलणी करायची होती, त्यांनी मुकाट्याने करू दिलं. बाकीच्या तिघांचेही शिक्के त्याच खेपेत खोडता आले असते. मी तसं विचारलं, जेवणाच्या पाटावर, खाली मान घालून. सासरे म्हणाले, “चार घरांची चूक झाली म्हटलं तर गाव गोंधळेल. तीन घरं फितूर झाली म्हटलं तर गाव उभं राहील.”

आणि राहिलं. एकशेवीस घरांतली एकशेसतरा एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. सभेत शिगेनो उठून म्हणाली की वर चौथा शिक्का होता, प्रमुखांच्या घरचा. लोकांनी तिला खाली बसवलं. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते आणि चटईच्या काड्या मोजत होते. तेव्हापासून फळी तिच्या दाराला वळसा घालून जायला लागली. तिच्या नावापुढचं आदराचं ‘सान’ गावाने त्याच साली काढून टाकलं. बाकीची दोन घरं दहा वर्षांत बेट सोडून गेली. शिगेनो राहिली. मुलं शिकायला म्हणून गेली ती परत आली नाहीत, नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला माणसं पलीकडच्या किनाऱ्यावरून आणावी लागली. भिंतीला भिंत लागून आमची घरं, पण तिने मला आणि मी तिला त्रेचाळीस वर्षांत हाक मारलेली नाही. आणि मी, बघा, आंदोलनाचा चेहरा.

आता सांगा, ‘आतून’ हा शब्द ऐकून मी पाळत ठेवणार नाही तर काय करणार?

त्यात ती टोळी उतरली शिगेनोकडेच. बेटावर भाड्याने खोली देणारं तेवढं एकच घर आहे. गाव जिच्याकडून काही घेत नाही तिला बाहेरच्यांना खोल्या देण्याशिवाय दुसरं काय उरतं? संध्याकाळी मी कपडे काढायच्या निमित्ताने परसात उभी राहायची. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज, कुराहाशीचं हळू बोलणं, आणि मध्येच शिगेनोचं एखादं अक्षर. काय बोलतायत ते काही कळत नव्हतं. एक दिवस मी त्याच ओल्या चादरी तीन वेळा वाळत घातल्या. काय सांगत असेल ती? त्रेचाळीस वर्षांचं सगळं सांगायला एक पंधरवडा पुरे.

दरम्यान कुराहाशीचं काम चालू होतं. दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधून धक्क्यापासून देवळापर्यंत चालतो. तिने विनंती केली की या वेळी देवळाकडून धक्क्याकडे चालाल का, उजेड तोंडावर पडेल. त्रेचाळीस वर्षांत आम्ही उलटं कधी चाललो नव्हतो. उतारावर म्हाताऱ्या गेन्झोबांचे गुडघे बोलायला लागले, दोन म्हाताऱ्या वाटेतच घरी वळल्या, आणि माझी मैत्रीण फुसाए मला मुळ्याचं लोणचं या खेपेला का नासलं ते सांगत होती म्हणून आम्ही दोघी हसत होतो. कॅमेरा थांबला. कुराहाशी अगदी नम्रपणे म्हणाली की हसणं जरा टाळता आलं तर बरं.

मी तिला म्हटलं, “बाई, चिडून चिडून माणूस किती वर्षं चालेल? आम्ही गप्पा मारतो म्हणून अजून चालतोय.”

तिने ते वाक्य छान आहे म्हणून पुन्हा म्हणायला लावलं, कॅमेऱ्याकडे न बघता. दुसऱ्या खेपेला ते मलाच खोटं वाटलं. मग आम्ही सगळे पुन्हा देवळापाशी गेलो आणि तोंडं पाडून उतरलो. दाइगो म्हणाला की चांगलं झालं, एकदम गंभीर दिसतंय. त्याला मी घरी जाऊन आरशात बघायला सांगितलं.

बाराव्या दिवशी तिने मला मुलाखतीसाठी आमच्या जाळ्यांच्या खोपटात बसवलं. माझ्या गळ्याशी माईक अडकवला, मागे सासऱ्यांचं जुनं जाळं टांगलं. ते जाळं मी वीस वर्षांपूर्वीच वांग्यांवर टाकायला काढलं होतं, पण ते तिला कोण सांगणार. थोडं इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. कंपनीतून निवृत्त झालेल्या कुणा माणसाने दिलेली नक्कल होती. वर ते बारीक अक्षरातलं वाक्य, खाली बारा चौकटी, चार शिक्के. पहिल्यावर दोन आडव्या रेघा.

आमच्या बेटावर अर्ध्या घरांचं आडनाव कामिओ आहे, आमचंही. त्यामुळे नुसतं आडनाव वाचून तो शिक्का कोणाचा हे बाहेरच्याला कळायचं नाही. पण आमच्या शिक्क्याच्या कडेचा एक टवका उडालेला आहे. माझ्या नवऱ्याने लहानपणी तो दगडावर आपटला होता. नकलेत तो टवका लख्ख दिसत होता.

“हा खोडलेला कोणाचा असेल, काही अंदाज?” तिने विचारलं, चहा घेणार का म्हणून विचारावं तशा आवाजात.

झालं, मला वाटलं. शिगेनोने सगळं ओतलंय हिच्या कानात, हिला सगळं ठाऊक आहे, आणि आता हिला मी खोटं बोलताना पकडायचंय, सासऱ्यांच्या जाळ्यासमोर, अख्ख्या देशासाठी. तसं पकडलं जाण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं. मला कोणी धीराची म्हणू नये. मी भीतीने बोलले.

“माझा,” मी म्हटलं.

आणि मग थांबताच येईना. फळी, भात, सासरे, पहिली बोट, सभा, चटई, शिगेनोच्या नवऱ्याची परक्या खांद्यांवरून गेलेली तिरडी, सगळं बाहेर आलं. मी रडले. नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडले नव्हते मी. कॅमेरावाला पहिल्यांदाच कॅमेऱ्याआडून डोकं काढून नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला.

बोलून झाल्यावर मी नाक पुसलं आणि म्हटलं की हे तर तुम्हाला शिगेनोने सांगितलंच असेल. कुराहाशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने शिगेनोला तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा शिगेनो सूप गरम करायला आत निघून गेली होती. म्हणजे मी बारा दिवस जिच्यावर डोळा ठेवला तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. माझा संशय मलाच खोपटात घेऊन आला होता.

कुराहाशीचे डोळे ओले होते. खोटं कशाला बोलू, ते खरोखरच ओले होते. ती म्हणाली, “हे दाखवलं तर शिगेनो-सानवरचा डाग जाईल. तुमची परवानगी आहे?”

मी हो म्हटलं. तिने संमतीचा कागद पुढे केला. या वेळी मी भिंग आणलं आणि अक्षर न अक्षर वाचलं, दोनदा. सातव्या कलमात होतं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे वाहिनी ठरवेल. मी तिला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली की हे सगळ्यांच्याच कागदात असतं. मी तोच टवका उडालेला शिक्का काढला आणि मारला.

पुढे सहा महिने गेले. शिगेनोला जाऊन सांगावं असं रोज वाटायचं. तिच्या दारापर्यंत पंधरा पावलं आहेत. पण मनाशी म्हणायची, टीव्ही सांगेल, मी सांगण्यापेक्षा नीट सांगेल, आवाजही चांगला असतो त्यांच्याकडे. जन्मभर टीव्हीवाल्यांना नावं ठेवणाऱ्या बाईने आपलं सर्वांत जड ओझं त्यांच्याच डोक्यावर दिलं. याला आळस म्हणा नाहीतर भित्रेपणा.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी तो कार्यक्रम लागला. सगळं गाव सभागृहात जमलं. फुसाएने वाफवलेली रताळी आणली होती, दाइगोने मोठा पडदा लावला होता. मी मुद्दाम दाराजवळ बसले. नंतर लोक काय करतील, थुंकतील की उठून जातील, याचा मी आठवडाभर विचार केला होता, आणि सगळ्याची तयारी केली होती.

आधी मांजरं आली. मग समुद्र. मग आम्ही, देवळाकडून धक्क्याकडे उलटे चालताना, सगळ्यांची तोंडं पडलेली. ‘आम्ही गप्पा मारतो म्हणून’ हे वाक्य गायब होतं. मग एक भारदस्त पुरुषी आवाज सांगू लागला की एकशेवीस घरांतल्या तीन घरांनी त्या मे महिन्यात गावाचा हात सोडला. पडद्यावर तो कागद आला. तीन शिक्के धूसर केलेले. चौथा, वरचा रेघा मारलेला, नव्हताच. चित्र त्याच्या खालूनच कापलं होतं.

आणि मग माझा चेहरा आला. मागे जाळं, डोळ्यांतून पाणी, ओठ हलतायत आणि ओठांचा आवाज बंद. वर तो भारदस्त आवाज: “त्या विश्वासघाताची जखम तोमिए-सानच्या डोळ्यांत आजही ओली आहे.”

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. फुसाएने माझा हात घट्ट धरला. मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं आणि अंगाची लाही लाही झाली. माझे अश्रू. शिगेनोसाठी गाळलेले. ते उचलून त्यांनी शिगेनोवरच ओतले होते, अख्ख्या देशासमोर.

मी उठले. पडदा चालूच होता. मी म्हटलं, “हे खोटं आहे. शिक्का मीसुद्धा मारला होता. सगळ्यांत पहिला. मामंजींनी तो खोडून आणला. तिथे रडताना मी हेच सांगत होते.”

मी जे जे धरून बसले होते त्यातलं काहीच झालं नाही. कोणी थुंकलं नाही. कोणी उठून गेलं नाही. दाइगोने आवाज कमी केला आणि माझ्याजवळ येऊन, लहान पोराशी बोलावं तसं बोलला की आजी, दगदग झाली तुम्हाला, पाणी घ्या. गेन्झोबा म्हणाले की या बाईचं मन बघा, इतक्या वर्षांनी शिगेनोचा दोष स्वतःच्या अंगावर घेतेय. दोघीतिघींनी डोळे पुसले. मी शिक्क्याचा टवका, नक्कल, जाळ्याचं खोपट सगळं पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मन मोठं होत गेलं. शेवटी टाळ्या वाजल्या.

मी सभागृहातल्याच फोनवरून कुराहाशीला फोन लावला. ती बराच वेळ माफी मागत राहिली. तिने ते कापलं नव्हतं, तिने भांडून पाहिलं होतं, पण वरच्यांचं म्हणणं पडलं की पन्नास मिनिटांत एवढं सगळं आलं तर प्रेक्षक गोंधळतील. मला फोनमधून सासऱ्यांचाच आवाज आल्यासारखं झालं. मी विचारलं की मूळ चित्रण मला मिळेल का. तिने आणखी एकदा माफी मागितली. मग म्हणाली की ते वाहिनीच्या मालकीचं आहे, सातव्या कलमाप्रमाणे.

शिगेनोच्या दारापर्यंतची पंधरा पावलं मी त्या दुपारी चालले. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करत बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई, पण सुरी अशी चालते की बघत राहावं. कोपऱ्यातला टीव्ही नुकताच बंद केलेला असावा.

“शिगेनो-सान,” मी म्हटलं. त्रेचाळीस वर्षांनी ते ‘सान’ तोंडात जड झालं होतं.

तिने मान वर केली नाही. “रडताना चांगली दिसतेस,” ती म्हणाली.

मी उंबऱ्यातच उभी राहून तिला सगळं सांगितलं. खोपटात काय बोलले, त्यांनी काय कापलं, आणि आत्ता सभागृहात मी उठून काय म्हटलं. माफीचा शब्दही काढला, पण तो इतका लहान वाटला की अर्ध्यातच सोडून दिला. ती ऐकत होती. एक मासा संपवून तिने दुसरा घेतला.

“मग काय म्हणाले लोक?”

“म्हणाले, माझं मन मोठं आहे.”

ती हसली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अशीच हसायची, सगळे दात दाखवून, आणि धाकट्या बहिणीसारखं लाडाने ‘चान’ लावून मला हाक मारायची. आता दात थोडे राहिलेत. “माझ्या वेळी तेवढंही म्हणाले नव्हते,” ती म्हणाली.

मग तिने सुरी फडक्याला पुसली आणि पायाने एक बुटकं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“बस, तोमिए-चान. खरं बोलून कोणी ऐकत नाही, त्याची पहिली दोन वर्षं फार जड जातात. पुढे सवय होते.”